चौदा किलो तांबं

पुण्याजवळच्या कासार आंबोलीत नवं घर बांधणाऱ्याने फोनची लाइन घ्यायला किती पैसे लागतात असं विचारलं, तर आज बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "काही नाही, फुकट." सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं आगाऊ भरा, जोडणी फुकट, राउटर फुकट, आणि त्याच्या मागच्या भोकात जुना फोन खुपसला की लँडलाइनही फुकट. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न एखाद्या मोठ्या शहरात विचारला असता, तर घाई असलेल्या माणसाला 'तत्काळ' योजनेत ३०,००० रुपये मोजावे लागत. तेव्हा दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आतबाहेर होतं. म्हणजे घरात फोन वाजावा म्हणून सहा-सात तोळे सोनं. आणि खेड्यात तर तेवढं मोजायची तयारी असूनही लाइन मिळेलच असं नव्हतं.

सहा-सात तोळ्यांवरून थेट शून्य. तंत्रज्ञान स्वस्त झालं, असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच खरं आहे. यंत्रं स्वस्त झाली. एक्स्चेंजपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं, आणि फोनच्या लाइनीत सगळ्यात महाग तेच असतं. ते कापायचा खर्च कोणीतरी करतंच. गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत बदललं ते एवढंच, की तो खर्च कोणाच्या बिलात घालायचा.

हा हिशेब मांडायला कासार आंबोली सोयीचं गाव आहे. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट, पिरंगुट, आणि त्यापुढे पौडच्या अलीकडे हे गाव येतं. पुण्याहून वीस-बावीस किलोमीटर. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या शेड, मध्ये एनए प्लॉट आणि बंगल्यांच्या स्कीम. २०१५ साली पीएमआरडीए स्थापन झाली आणि गाव कागदोपत्री महानगर प्रदेशात आलं. पण महापालिकेची हद्द गावाच्या अलीकडेच संपते. शहर म्हणावं तर ग्रामपंचायत आहे, खेडं म्हणावं तर घराघरात कोणी ना कोणी लॅपटॉप उघडून पुण्याच्या ऑफिसचं काम करत बसलेलं असतं. तारवाल्यांना अशी गावं नेहमीच अवघड जातात. मागणी शहरी, वस्ती विरळ.

गाव मुळशी तालुक्यातलं, आणि शहर जवळ असूनही तार सहज न मिळण्याचं मुळशीकरांना नवल वाटू नये. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभा केला, ते टाटांचं धरण अखेर झालंच. पाणी मुळशीचं, वीज घाटाखाली भिऱ्याला, आणि उजेड मुंबईत. जवळून काही जातं म्हणजे ते आपल्यालाही मिळणार, असा भाबडेपणा या तालुक्याला परवडण्यासारखा कधी नव्हता.

आता जुनी लाइन म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची भली मोठी बॅटरी असायची. तिथून दोन तारा निघून तुमच्या फोनपर्यंत यायच्या. रिसिव्हर उचलला की त्या दोन तारा फोनच्या आत जोडल्या जायच्या, २० ते ४० मिलिअँपिअर एवढासा प्रवाह वाहायला लागायचा, आणि त्यावरून एक्स्चेंजला कळायचं की अमुक घरी फोन उचलला. मग डायल टोन. घंटी वाजवायची असेल तेव्हा त्याच तारांतून ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचे. पावसात खांबावर चढून उघडा जोड हातात धरलेल्या लाइनमनला नेमका त्या वेळी कोणाचा फोन आला, तर चांगलाच हिसका बसायचा. फोनला लागणारी सगळी वीज एक्स्चेंजमधून यायची. त्यामुळे गावातली लाइट गेली तरी फोन चालू असायचा. त्या वेळी याचं कोणाला कौतुक नव्हतं.

या दोन तारा घरापर्यंत येताना बरीच ठाणी घेत. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची उंच लोखंडी चौकट, जिथे प्रत्येक नंबराची जोडी हाताने बांधलेली. तिथून जमिनीखालची शेकडो जोड्यांची जाड केबल. ती रस्त्याकडेच्या पिलरमध्ये शिरायची; पिलर म्हणजे तो करडा लोखंडी कपाटवजा डबा, ज्याला पुढे पोस्टर चिकटवण्याखेरीज काही काम उरलं नाही. पिलरमधून लहान केबली निघून खांबावरच्या डीपीत, म्हणजे जोड्या वेगळ्या होतात त्या डबीत, आणि डीपीतून काळी ड्रॉप वायर तुमच्या भिंतीवरच्या रोझेटपर्यंत. फोन घेणाऱ्याला यातली ही शेवटची वायरच तेवढी दिसायची. म्हणून "एवढ्याशा वायरीचे एवढे पैसे?" हा प्रश्न भारतातल्या प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला गेला आहे.

पण तांब्याच्या जमान्यातली मेख अशी की ही जोडी वाटेत कोणाशी वाटून घेता येत नव्हती. एक्स्चेंजपासून घरापर्यंत अख्खी जोडी एका गिऱ्हाइकाची. तो दिवसातून दहा मिनिटं बोलो नाहीतर दोन तास, बाकीचा वेळ ते तांबं जमिनीत नुसतं पडून.

किती तांबं? पिरंगुटला एक्स्चेंज आहे आणि केबलच्या वाटेने कासार आंबोलीतलं घर चार किलोमीटरवर आहे असं धरू. तार अर्ध्या मिलिमीटर जाडीची, जी सर्रास वापरात होती. दोन तारा, म्हणजे एकूण आठ किलोमीटर. तांब्याची घनता घेऊन गुणाकार केला की उत्तर येतं १४ किलो. एका घरच्या एका फोनसाठी १४ किलो तांबं. आजच्या भावाने किलोला हजार रुपयांच्या आगेमागे धरलं तरी नुसत्या धातूचेच चौदा हजार झाले. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण, पाणी शिरू नये म्हणून आत भरलेली जेली, मीटरभर खोल चर, जोड, डीपी, खांब, माणसं. केबलचोर कशापायी एवढी मेहनत घेत, तेही या हिशेबातून कळतं.

अंतर आणखी वाढलं की गणित जास्तच बिघडतं. अर्ध्या मिलिमीटरच्या जोडीला किलोमीटरमागे १७५ ओहम रोध असतो. चार किलोमीटरला ७००. एक्स्चेंजला साधारण हजार-बाराशे ओहमच्या आतली लाइन लागते; त्यापलीकडे प्रवाह इतका क्षीण होतो की रिसिव्हर उचललेला कळतच नाही. म्हणजे पाच-सहा किलोमीटर ही या तारेची धाव. त्यापुढे जायचं तर जाड तार हवी. ०.९ मिलिमीटरची घेतली तर तांबं सव्वातीन पट, चौदाचे पंचेचाळीस किलो. टेलिफोन खात्याच्या दरपत्रकात एक्स्चेंजभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ असायचं, आतल्यांना एक दर आणि बाहेरच्यांना किलोमीटरमागे जादा. लोकांना तो सरकारी लहरीपणा वाटे. सरकारी लहरींना तोटा नव्हता हे खरं, पण या एका बाबतीत तारेच्या रोधाचं आणि खात्याचं एकमत होतं.

मग हे पैसे भरायचे कोणी?

१९४३ साली सरकारने मुंबईसह तीन मोठ्या शहरांतल्या खासगी टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि स्वातंत्र्यानंतर फोन हा पूर्णपणे सरकारी कारभार झाला. पंचवार्षिक योजनांत धरणं, पोलाद, वीज यांच्या रांगेत टेलिफोन शेवटी उभा. पैसा नाही म्हणून लाइनी नाहीत, लाइनी नाहीत म्हणून पैसा नाही. यातून खात्याने काढलेली वाट म्हणजे अर्जदाराकडूनच भांडवल उभं करायचं. 'ओन युवर टेलिफोन', म्हणजे बोलीतला ओवायटी. गठ्ठ्याने रक्कम आधी भरा, वेगळ्या आणि थोड्या लहान रांगेत उभे राहा, पुढे भाड्यात थोडी सूट घ्या. ही रक्कम दशकागणिक चढत जाऊन १९९०च्या दशकात मोठ्या शहरांत १५,००० रुपयांपर्यंत गेली. नाव 'तुमचा स्वतःचा टेलिफोन', पण मालकी खात्याचीच. मला हे नाव खात्याच्या विनोदबुद्धीचा एकमेव पुरावा वाटतं.

ज्यांच्याकडे एवढे पैसे नव्हते ते 'जनरल'मध्ये. त्यांच्या पुढे 'स्पेशल': डॉक्टर, पत्रकार, लघुउद्योजक. त्या सगळ्यांना ओलांडून खासदारांच्या शिफारशीचा कोटा. अर्जाची पावती लोक घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवत, मुलाच्या जन्माच्या वेळी अर्ज आणि त्याच्या दहावीला फोन हा किस्सा घरोघरी थोड्याफार फरकाने सांगितला जातो. शेवटी एक दिवस डिमांड नोट, म्हणजे पैसे भरा अशी खात्याची चिठ्ठी, यायची. "डिमांड नोट आली" हे वाक्य त्या काळी पेढ्यांसोबत सांगण्याजोगं होतं. पण डिमांड नोट भरली म्हणजे फोन लागला असंही नव्हतं, कारण मग लाइनमन यायचा, डीपी उघडून बघायचा, आणि संवाद साधारण असा व्हायचा:

"साहेब, डीपीत पेअर शिल्लक नाही."

"अहो, पैसे भरलेत मी."

"भरले असतील, नाही कोण म्हणतंय? दहा पेअरची डीपी आहे. नऊ चालू, एक खराब. नवीन केबल पडली की पहिला तुमचा."

"कधी पडेल?"

"एस्टिमेट सँक्शन झालं की."

लाइनमनचा यात काही दोष नसायचा. नव्या वस्तीला दहा पेअरची डीपी की पन्नासची, हा अंदाज कोणीतरी दहा वर्षं आधी केलेला असे. जास्त टाकावी तर तांबं मातीत कुजतं, कमी टाकावी तर लोक शिव्या घालतात. शिव्या फुकट असतात, तांबं नसतं. निर्णय कुठल्या बाजूला झुकायचा ते वेगळं सांगायला नको.

१९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात त्या वेळची स्थिती नोंदवलेली आहे. देशात सुमारे ८० लाख लाइनी, २५ लाख अर्जदार यादीत. ५,७६,४९० खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोन पोहोचलेला. शंभर माणसांमागे एकसुद्धा लाइन नाही. मागेल त्याला टेलिफोन आणि प्रत्येक गावात टेलिफोन, दोन्ही १९९७पर्यंत, असं या धोरणाने जाहीर केलं. १९९७ आलं आणि गेलं.

खेड्यांपुरती खरी हालचाल सुरू झाली होती ती आधीच, आणि ती तारेच्या बाजूने नव्हे, एक्स्चेंजच्या बाजूने. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण इंजिनिअरांनी १२८ जोडण्यांचं एक लहानसं डिजिटल एक्स्चेंज तयार केलं, ज्याला एसी लागत नव्हता. परदेशी यंत्रं थंड खोलीत बसायला सोकावलेली; हे पंख्याखाली, धुळीत, उकाड्यात चालायचं. पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. याने काय साधलं ते आपल्या हिशेबात बघा: एक्स्चेंज लहान आणि स्वस्त झालं की ते गावाच्या जवळ नेता येतं. जवळ नेलं की चार किलोमीटरचं एक होतं, आणि चौदा किलो तांब्याचं साडेतीन किलो. तांब्याचा भाव कमी करता येत नाही. अंतर कमी करता येतं. भारतात टेलिफोन स्वस्त होण्याच्या सगळ्या कथेत मला ही युक्ती सगळ्यात देखणी वाटते.

तार अजिबात टाकायचीच नाही, असाही एक प्रयोग झाला. ग्रामपंचायतीत एक सार्वजनिक फोन, आणि तो तालुक्याच्या टॉवरशी रेडिओने जोडलेला. त्याला एमएआरआर म्हणत. थोडे चॅनेल, बरीच गावं, सोलर पॅनेल, बॅटरी. कागदावर झकास. प्रत्यक्षात बॅटरी उतरली की फोन मेला, आणि दुरुस्त करणारा जिल्ह्याच्या ठिकाणी. पुढे हे संच काढून दुसरे बसवावे लागले. फोन टाकण्याचा खर्च सगळे मोजतात, तो चालू ठेवण्याचा कोणी मोजत नाही, हा आपला जुना रोग आहे. गावोगावच्या बंद पडलेल्या हातपंपांना विचारा.

आयआयटी मद्रासचे प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांनी १९९०च्या दशकात हा प्रश्न अगदी वाण्याच्या वहीत मांडावा तसा मांडला. एका लाइनीमागे सगळं मिळून ४०,००० रुपये गुंततात. व्याज, घसारा, दुरुस्ती धरली तर कंपनीला त्या लाइनीतून दरमहा हजार-बाराशे रुपये सुटले पाहिजेत. देशात एवढं बिल भरू शकणारी घरं किती? शंभरात दोन-तीन. म्हणून त्यांचा आग्रह असा की गिऱ्हाइकाला दोष देऊ नका, लाइनीचा खर्च १०,०००वर आणा. त्यांच्या गटाने कॉरडेक्ट नावाची बिनतारी पद्धत तयार केली, ती यासाठीच.

तर मग चाळीस हजारांची लाइन गावातल्या माणसाला पंधरा-वीस वर्षं महिना शंभर-दीडशे रुपयांत कशी मिळत होती? तर पुणे-मुंबईच्या एसटीडीवर. १९९०च्या दशकात एसटीडी-आयएसडीचे दर जे अवाच्या सवा होते, ते दूरच्या फोनला खर्च जास्त येतो म्हणून नव्हते. त्या दरांत खेड्यातल्या तांब्याचा हप्ता मिसळलेला होता. रात्री दर उतरतात म्हणून पिवळ्या बूथबाहेर रांगेत उभा राहून अमेरिकेतल्या मुलाशी बोलणारा सदाशिव पेठेतला बाप नकळत कुठल्या तरी मुळशी-वेल्ह्यातल्या केबलचे पैसे भरत होता. १९९९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, दरांची फेरमांडणी केली, एसटीडी उतरला, आणि लपलेला खर्च उघडा पडला. मग २००३पासून 'ॲक्सेस डेफिसिट चार्ज' नावाची वर्गणी खासगी कंपन्यांकडून घेऊन बीएसएनएलला दिली जाऊ लागली. ती २००८ साली थांबली. शिवाय एप्रिल २००२पासून सार्वत्रिक सेवा निधी आहेच, ज्यात कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के भरतात. २०११ साली मंजूर झालेलं अडीच लाख ग्रामपंचायतींचं फायबर जाळं, आजचं भारतनेट, याच निधीतून उभं राहतं आहे. तुमच्या मोबाइलच्या रिचार्जमधून अजूनही कुठल्या तरी गावचा चर खणला जातो. माझं मत विचाराल तर यात वावगं काही नाही. रस्ता असाच होतो, एसटीचा तोट्यातला मुक्कामी फेरा असाच चालतो. फक्त तो खर्च बिलावर लिहिलेला असावा.

दरम्यान मोबाइल आला आणि घरात तार हवीच कशाला, असं सगळ्यांना वाटू लागलं. २००५-०६च्या सुमारास देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या. २०२०पर्यंत त्या २ कोटींवर आल्या. कितीतरी कुटुंबांनी फोन 'सेफ कस्टडी'त ठेवला आणि पुन्हा कधी मागितलाच नाही. पिलरची दारं निखळली, ड्रॉप वायरी कपडे वाळत घालायला गेल्या. मग एक उलटी गोष्ट झाली. आकडा परत चढू लागला आणि २०२४मध्ये साडेतीन कोटींच्या पुढे गेला. लोकांना बोलायला फोन नको होता, पण वाय-फाय हवं होतं. वाय-फायच्या तारेबरोबर फोन नंबर आपोआप आला.

ही नवी तार काचेची. तिचं वजन करून बघू, त्याच चार किलोमीटरचं. केसाएवढी, सव्वाशे मायक्रॉन जाडीची काच. चार किलोमीटरला भरते १०८ ग्रॅम. चौदा किलोच्या जागी जेमतेम दोन छटाक चहाची पुडी. आणि हीसुद्धा एकट्याची नाही: वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत एका धाग्यातला प्रकाश बत्तीस घरांत वाटता येतो. वाटला की अर्थातच प्रत्येकाच्या वाट्याला मंद येतो, पण यंत्राला तेवढा पुरतो. जोडणीला आलेला पोरगा धागा यंत्रात धरून वितळवून जोडतो, मग हातातल्या मीटरवर 'पॉवर' बघतो. उणे वीस-बावीस दाखवलं की खूश. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं की पुन्हा खांबावर चढतो, कुठेतरी वायर मुडपलेली असते. अशा जोडणीची धाव वीस किलोमीटर आहे. म्हणजे प्रकाशाला चांदणी चौकातून निघून पिरंगुटचा घाट ओलांडून कासार आंबोलीपर्यंत यायला वाटेत एक्स्चेंजची गरजच नाही.

एवढी स्वस्त वस्तू, मग खर्च कुठे राहिला? जमिनीत. पुणे महापालिकेने रस्ता खोदून केबल टाकणाऱ्या खासगी कंपन्यांना मीटरमागे दहा हजार रुपयांच्या वर दर लावलेला आहे. काच जवळजवळ फुकट, चर सोन्याचा. म्हणून तर पौड रस्त्याला दोन्ही बाजूंनी खांबाखांबांवरून काळ्या वायरींची जी लक्तरं लोंबतात, ती तशी लोंबतात. वाऱ्यापावसात एखादी फांदी पडते, उंच ट्रक जातो, आणि अख्ख्या गल्लीचं नेट जातं. हाही खर्चच, फक्त तो जोडणीच्या दिवशी न घेता जुलैत वसूल होतो.

आता नव्या घराचा मालक प्रत्यक्षात काय भरतो ते बघू. २०१९च्या सप्टेंबरात जिओफायबर सुरू झालं तेव्हा सुरुवातीची रक्कम २,५०० रुपये होती. त्यातले १,५०० परत मिळणारी अनामत, १,००० जोडणीचे. २०२३च्या सप्टेंबरात पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर आलं, म्हणजे तारेऐवजी गच्चीवर छोटा अँटेना. त्याची जोडणी तेव्हा १,००० रुपये होती, वर्षाचा प्लॅन घेतला तर माफ. बीएसएनएल आणि गावातले केबलवाले यांचंही साधारण असंच असतं: जोडणी माफ, पण आगाऊ भरा. 'फुकट' या शब्दामागचा व्यवहार हाच. जुना अर्जदार तीस हजार एकदम देऊन अंतर विकत घ्यायचा. आजचा माणूस तेच अंतर दरमहा पाचशे-सातशे रुपये अधिक १८ टक्के जीएसटी अशा हप्त्यांनी फेडतो, आणि मधेच सोडून जाऊ नये म्हणून त्याचे सहा महिने अडकवून ठेवलेले असतात. पाच वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास सहज जातात. झुनझुनवालांचा आकडा आठवून पाहावा.

त्यापलीकडे न सांगितलेले खर्च असतात. घर मुख्य रस्त्यापासून आत असेल, जसं प्लॉटिंगमध्ये बहुधा असतं, तर पहिली शे-दोनशे मीटर वायर सोबत येते, पुढची मीटरवर. मधे खांब उभा करावा लागला तर तो कोणी उभा करायचा यावर घासाघीस. शेजारी दोन-तीन बंगले एकत्र येऊन मागणी केली की हा खांब एकदम फुकट होतो. तेच बत्तिसांत वाटायचं गणित. बंद गेटच्या स्कीममध्ये प्रश्न वेगळा: पाइपलाइन बिल्डरने टाकलेली, आणि ती एकाच कंपनीला खुली. घर घेताना टाइल्सचा ब्रँड विचारणारे लोक हे विचारत नाहीत. ट्रायने २०२४ साली इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम केले ते या अडचणीवर बोट ठेवूनच, पण मानांकन ऐच्छिक आहे, तेव्हा बुकिंगच्या आधी आपणच विचारलेलं बरं.

दुसरा खर्च विजेचा. तांब्याच्या फोनला एक्स्चेंज वीज पुरवायचं. काचेतून वीज जात नाही. घरातला डबा घरच्या विजेवर चालतो, आणि मुळशीत पावसाळ्यात लाइट जाणं हे काही वर्तमानपत्रात छापण्यासारखं नसतं. मोबाइलची रेंजही डोंगराच्या आडोशाला तेव्हाच रुसते. घरात म्हातारी माणसं असतील तर राउटरला जोडायचा छोटा यूपीएस घ्यावा, दीड-दोन हजारांत येतो, चार तास काढतो. इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवावं.

अनामत दिली असेल तर पावती जपावी. ट्रायच्या २००९च्या नियमांनी फोन बंद केल्यावर ६० दिवसांत ती परत करणं कंपन्यांना बंधनकारक केलं होतं, आणि फोन तीन दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर सात दिवसांचं भाडं सोडावं असंही त्यात होतं. मागितल्याशिवाय ते बहुधा कोणी देत नाही.

आणि घर अजून बांधून व्हायचं असेल तर एक काम आजच करावं. गेटपासून घरापर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसायच्या आत एक इंची पीव्हीसी पाइप पुरून घ्यावा, विजेच्या पाइपापासून फूटभर लांब, वळणं गोल, आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बुचं लावून बंद. पाइपाचे आणि मजुरीचे मिळून काही शे रुपये. तो घरात उघडायचा तो कोपऱ्यातल्या शू-रॅकमागे नव्हे, तर घराच्या मध्यावर, जिथून वाय-फाय चारी खोल्यांत पोहोचेल. नंतर आठवलं तर भिंतीला झिरी पाडा, पुट्टी मारा, रंग मिळवा, आणि तो कधीच तंतोतंत मिळत नाही. शक्य असेल तर असे दोन पाइप टाकावेत. एका कंपनीची वायर आत आली की दुसरीला त्याच पाइपात स्प्रिंग घालता येते, पण बहुतेक वेळा पहिली वायर तुटते.